इतवारीतला डावरा हात

नागपूरला लोक संत्र्यांसाठी जातात, लग्नांना जातात, अधिवेशनाच्या दिवसांत कामं घेऊन जातात. मी एका गडव्यासाठी गेले. गडवा म्हणजे आपला तांब्या. तिकडं घागरीला गुंड म्हणतात, पातेल्याला गंज म्हणतात आणि परातीला कोपर. पहिल्या दिवशी माझ्या बहिणीनं, अक्कानं, स्वयंपाकघरातून ‘जरा कोपर दे’ म्हटलं, तेव्हा मी तिच्यापुढं हात केला होता. असो. गडव्याचं सांगते.

मी अक्षरं काढते. पुस्तकांत, फोनवर, लग्नपत्रिकांवर जी छापील अक्षरं दिसतात, ती कुणीतरी बसून एकेक करून काढलेली असतात. त्या कुणीतरींतली मी एक. जुन्या पोथ्या, शिळाछापाची पानं, दुकानांच्या पाट्या यांवरची अक्षरं बघून नवे फॉन्ट करायचे, हा आमच्या धंद्यातला जुना नाद. मी मात्र आयुष्यभर बाहेर शोधत फिरले आणि सापडलं ते माझ्याच ओट्यावर.

माझी थोरली बहीण, अक्का, नागपूरला दिलेली. तिच्या सासूबाई एकदा कोल्हापूरला आल्या होत्या. पंचगंगेचं पाणी बाधेल म्हणून पितळी गडव्यात नागपूरचं पाणी घेऊन आल्या, आणि आमचं पाणी गोड लागल्यावर गडवा इथंच विसरून गेल्या. पुढं त्या वारल्या. गडव्यात आमचे चमचे राहायला आले. एका दुपारी तो चिंचेनं घासताना गळ्याखाली कोरलेलं नाव माझ्या डोळ्यांत भरलं आणि मी नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले.

ती अक्षरं मागं रेललेली होती. जेवण झाल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या पाहुण्यांसारखी. शिरोरेषा शेवटच्या अक्षराच्या पुढं जरा जास्तच जाऊन चोचीसारखी खाली वळलेली. ‘व’चं पोट गोल नव्हतं, छिन्नीच्या बारीक सरळ घावांनी हळूहळू वळवत नेलेलं होतं. असं ऐसपैस अक्षर मी कुठं पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी मी त्याचा फॉन्ट करायला घेतला, आणि अडकले. एका नावात अक्षरं असतात किती? बाकीची मनानं काढावीत, तर ती पक्की कोल्हापूरची होत होती. ताठ, छाती पुढं काढलेली. ती रेलायलाच तयार नव्हती.

अक्काला फोन केला. ती म्हणाली, “इतवारीत ये. दिवाळीच्या तोंडावर लोक जुनं पितळ मोडीत घालून नवं घेतात. ढीग पडलेले असतात. पण लवकर ये, मोड भट्टीत जाते.”

जाते म्हणजे? जाते काय! माझी अक्षरं भट्टीत निघाली होती आणि मी इथं भाजी निवडत बसले होते. तिकीट काढलं आणि सुटले.

इतवारी

भावजी कोराडीच्या वीजकेंद्रात आहेत. तिथल्याच वसाहतीत त्यांचं क्वार्टर आहे. खिडकीच्या चौकटीवर रोज राखेची साय धरते आणि अक्का ती रोज पुसते. भावजींनी माझ्यासाठी रजा टाकली होती. मला ते ‘कोल्हापूरकरीण’ म्हणतात आणि कुठंही नेताना मी कुणी मोठी पाहुणी असल्यासारखी माझी ओळख करून देतात. स्कूटरवर बसवलं आणि कोळशाच्या ट्रकांमधून वाट काढत शहरात आणलं, ते थेट तर्री पोह्यांच्या ठेल्यासमोर.

“आधी खा. इतवारी कुठी पळून नाई जात.”

“भट्टी पेटली असेल हो भावजी!”

“भट्टीवालाबी आत्ता पोहेच खाऊन राहिला असंल.”

आमच्याकडं झणझणीत कट मिसळीवर घालतात, इथं पोह्यांवर. वर कच्चा कांदा. दुसऱ्या घासाला माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. कोल्हापूरची असल्यानं मला हूं की चूं करता येईना. भावजी माझ्याकडं बघत समाधानानं खात होते.

इतवारीतल्या गल्ल्या हातगाड्या आणि टेम्पो यांच्यासाठी आहेत. माणसांनी उरलेल्या जागेतून जायचं. धान्याची गल्ली, कापडाची गल्ली, सराफांची गल्ली, मग एकदम ठणठणाट. भांड्यांची गल्ली. गजूभाऊंचं दुकान भावजींच्या ओळखीचं. गजूभाऊ भांड्यांच्या मधोमध गादीवर बसलेले, मागं अंधाऱ्या खोलीत मोडीचा ढीग छातीएवढा. मी चपला काढून त्यात शिरले. शिरले म्हणजे अक्षरशः. एका मोठ्या गंजात माझा पाय अडकला आणि तो तसाच ओढत मी पुढची चार भांडी पाहिली.

पाहिली आणि मटकन बसले. एकाही भांड्यावर नाव नव्हतं. जिथं नाव असायला हवं, तिथं प्रत्येकावर घासून काढलेला चकचकीत पट्टा होता. ढीगभर पितळ आणि सगळ्यांना टक्कल!

“गजूभाऊ, नावं कुठं गेली?”

त्यांनी गादीखालून एक कानस काढून दाखवली. “नाव भट्टीत नाई जात, ताई. गिऱ्हाईक समोर उभं राहून घासून घेते, मंगच भांडं तराजूत ठेवते.”

“पण का?”

“काहून म्हणजे? भांड्यावर कोणाची माय असते, कोणाचा आजा असते. मानूस एकदा जळते ना. दुसऱ्यांदा कायले जाळाचं?”

आमच्याकडं आम्ही आजीच्या नावाची घागर खुशाल मोडीच्या टोपल्यात टाकून देतो. टाकताना तिच्याकडं बघतही नाही. आजीकडं. मला जरा लाज वाटली, पण जरा वेळच, कारण मी लगेच पिशवीतून गडव्याचा फोटो काढून त्यांच्या नाकासमोर धरला होता.

गजूभाऊंनी चष्मा वर केला. “अरे बाप्पा, हा त डावऱ्याचा हात हाय!”

त्या समोरच्या पायरीवर तो बसायचा म्हणाले. डाव्या हातात हातोडी धरून नावं टाकायचा, म्हणून अक्षर असं उलटं कलतं. मशीन आलं आणि तो यायचा बंद झाला. त्याचं स्वतःचं नाव? गजूभाऊंनी शेजारच्या दुकानात विचारलं, त्यानं पलीकडच्याला विचारलं. साऱ्या गल्लीत तो डावराच होता.

आता उपाय एकच. भांडं घेऊन माणूस दुकानात शिरणं आणि कानस फिरणं, या दोन्हींच्या मध्ये मी उडी मारायची. पातळ कागद आणि पेन्सिलीचं शिसं घेऊन मी गजूभाऊंच्या पायरीवर बसले. बसवेना. उठले. गल्लीच्या तोंडाशी जाऊन आले. पुन्हा बसले. कुणाच्या पिशवीत पितळ चमकलं की धावायचं. “जरा नाव बघू द्या, फक्त नाव!” एक गृहस्थ पिशवी छातीशी धरून मागं सरकले. “तुमी इन्कम टॅक्सवाल्या का?” दुसऱ्या बाईंनी कौतुकानं गंज पुढं केला, तर त्यावर मशीननं काढलेलं नाव. थरथरतं, गांडुळासारखं वळवळणारं. तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या कोपरावर डावऱ्याची दोन अक्षरं मिळाली, बाकीचं झिजलेलं. कागद ठेवून वरून शिसं फिरवलं की खालचं अक्षर पांढरं उमटतं. ते उमटलं आणि मी आनंदानं टाळी वाजवून त्याच हातानं घाम पुसला. पुढं दिवसभर लोक मला वाट का देत होते, ते घरी आरशात कळलं.

“मिशा फुटल्या वं तुले!” अक्का म्हणाली. तीस वर्षांत माझी बहीण पुरती नागपूरची झाली आहे.

काटोल

दुसऱ्या दिवशी भावजींना प्रेरणा झाली. त्यांच्या ओळखीचं एक शेतकरी कुटुंब काटोलला आहे. बागायतदार, जुनं घर, माळाभर पितळ. सगळं इतवारीतनं घेतलेलं. “नावंच नावं भेटतील तुले!” मला इतवारी सोडायची नव्हती. कोण कुठला गंज घेऊन येईल आणि कानशीखाली जाईल, याचा नेम नव्हता. पण ‘नावंच नावं’ म्हटल्यावर माझे पाय बसस्टँडकडं आधीच वळले.

बसमध्ये निम्म्या मांड्यांवर टोपल्या होत्या. शेजारच्या आजोबांनी एक हिरवट संत्रं हातात ठेवलं आणि मी खाईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहिले. आंबट होतं. “अजून आठ दिवस पायजे,” ते म्हणाले, म्हणजे त्यांना माहीतच होतं.

काटोलच्या काकूंनी आधी जेवायला वाढलं. पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, वर मिरचीचा ठेचा. रस्सा तांबडा, पण आमच्यासारखा तिखटाचा नव्हे, मसाल्याचा. तोंडात नव्हे, छातीत पेटतो. मी जेवताना माळ्याकडं बघत होते आणि काकू माझ्याकडं.

“काय पाहून राहिल्या?”

मी सांगितलं. काकांनी शिडी लावली. एकेक गुंड, गंज, कोपर खाली येत गेलं. मी फिरवून फिरवून बघितलं, तळ बघितला, आतून बघितलं. सगळं पितळ लखलखीत आणि कोरं. कशावरही एक अक्षर नाही.

“आमी नावं टाकतच नाई,” काकू शांतपणे म्हणाल्या. “नाव कायले पायजे? भांडं लग्नाकार्यात बाहेर गेलं तर वापस ओळखू यावं म्हून. आमी बाहेर देतच नाई.”

भावजी खाली बघत भाकर मोडत होते. काका म्हणाले, “तुमाले नावं पायजे असंल त शेजारी जा. त्यायच्याकडं साऱ्या गावाचे नावं भेटतील.”

मी गेले. खरंच गेले. दारात उभं राहून म्हटलं, तुमच्याकडच्या भांड्यांवरची नावं बघायची आहेत. बाईंचा चेहरा असा झाला की विचारू नका. दार लागलं. आतून कडीचा आवाज आला आणि मग बराच वेळ भांडी हलवल्याचा.

परतीच्या बसमध्ये मी भावजींशी बोलले नाही. ते म्हणाले, “पण रस्सा कसा होता, सांग.”

पुन्हा इतवारी

तिसऱ्या सकाळी पोहे नाकारून मी, आणि मागोमाग भावजी, दुकान उघडायच्या आधी पायरीवर होतो. गजूभाऊंनी सांगितलं, संध्याकाळी मोडीचा टेम्पो येणार. त्यानंतर दिवाळी, मग दुकानात पाय ठेवायला जागा नाही. माझ्याजवळ तोवर मूठभर अक्षरं झाली होती. त्यांत फॉन्ट होत नाही, फार तर एखाद्या दुकानाची पाटी होते.

दुपारी एक ऑटो थांबला. आतून आधी एक भला मोठा गुंड उतरला आणि मग त्याच्यामागून एक ठेंगण्या, सत्तरी ओलांडलेल्या आजी. उमरेडच्या, विणकराच्या घरातल्या. अंगावरच्या जुन्या टसरच्या लुगड्याला करवतकाठ, दातेरी. गुंडाच्या खांद्यावरून गोल फिरत एक लांबलचक ओळ गेली होती. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कुठल्या गावी. सबंध ओळ मागं रेललेली. एवढी अक्षरं, जोडाक्षरांसकट! मी हात जोडून उभी राहिले. देवासमोर राहतात तशीच.

“गुंडाले नमस्कार करून राहिली का मले?” आजी म्हणाल्या.

“दोघांना.”

“पोराकडं चालली मी, कोराडीले. तिथं नळ हाय अन् रोज राख पडते म्हणते. गुंड घासत बसू का आता? हे देते अन् कुकर घेते.” त्या गजूभाऊंकडं वळल्या. “घास गा.”

कानस निघाली. मी मध्ये हात घातला. मग मी जे काही केलं, त्याला भावजी अजून ‘नाटक’ म्हणतात. गडव्यापासून सगळं सांगितलं. डावऱ्याचा हात सांगितला, मशीनची गांडुळं सांगितली. शेवटी हेसुद्धा सांगितलं, की आजी, शिरोरेषेची ही चोच बघा आणि तुमच्या काठाचे दात बघा, कशी एका घरची वाटतात!

“तुले सारीकडं तेच दिसून राहिलं,” आजी म्हणाल्या. “करणार काय तू याचं?”

“फॉन्ट. मग या अक्षरांत कुणालाही काहीही छापता येईल. पुस्तकं, लग्नपत्रिका...”

“पत्रिका!” आजी गुंडाला टेकून उभ्या राहिल्या. “माझ्या सासूचं नाव हाय हे. सासू म्हणजे साधीसुधी नाई. लग्न माझं, गुंड मले आणला, अन् नाव पाहाय, सारं तिचंच. जिती असताना शेजारच्या गल्लीतलं कोणी तिचं नाव घेत नव्हतं. अन् तू तिले कागदावर उतरवून नेशील, मंग कोणाच्याबी पत्रिकेवर माझी सासू फिरल? नाई वं बाई. इथं घासाचं कायले मंग? नाव जायले पायजे म्हूनच त घासते. घास गा!”

गजूभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. कानस पितळाला टेकली होती. आणि या बाईंचं बरोबर होतं, हे मला दिसत होतं. अख्खी ओळ कागदावर नेणं म्हणजे सासूबाईंनाच नेणं होतं. पण मला सासूबाई नको होत्या.

“आजी,” मी म्हटलं, “नाव नको. एकेक अक्षर सुटं द्या. प्रत्येक अक्षर वेगळ्या कागदावर घेते. कुठलं आधी, कुठलं नंतर, ते तुम्ही सांगा. कागदावर नाव कधीच होणार नाही.”

आजींनी हातानं कानस बाजूला केली. गल्लीत कुणीतरी हातगाडी ठोकली, शिव्या झाल्या, मिटल्या.

“उलटसुलट?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

“अन् मी पाहत बसंन. सातवी शिकली हाय मी. नाव जुळाले लागलं तर कागद फाडून टाकंन.”

भावजींनी लगेच खिशातल्या स्कूटरच्या किल्लीनं कागद कापायला घेतले, मग कात्री मागितली. आजी गादीवर बसल्या आणि बोटानं दाखवू लागल्या. हे घे. आता तिकडचं. आता मागचं. एक अक्षर घेतलं की गुंड अर्धा फिरवायच्या. मी शिसं फिरवत होते. एकेक ‘र’, एकेक ‘ळ’ काळ्यातून पांढरा वर येत होता, आणि सगळं गावाचं नाव, लग्न, सासूबाई गल्लीभर विखरून पडत होतं. आजींना मजा यायला लागली होती. एकदा मी आपणहून शेजारचं अक्षर घ्यायला गेले, तर हातावर चापट बसली.

“तिकडचं नाई म्हटलं ना! सासूची अन् माझी एवढी ओळख हाय, दोन अक्षरं जुळली की समजते मले.”

शेवटी गुंडावर घ्यायचं काही उरलं नाही. गजूभाऊंनी कानस फिरवली. तो आवाज दातांतून जातो. आजी डोळे न हलवता बघत राहिल्या. पट्टा चकचकीत झाल्यावर त्यांनी त्यावर बोट फिरवलं, काही लागतं का बघितलं, आणि मग गुंड तराजूकडं ढकलला. कुकर निवडायला त्या उठतील असं मला वाटलं. त्या उठल्या नाहीत. माझ्यापुढं पसरलेल्या चिठ्ठ्यांकडं बघत होत्या.

“यातून माझं नाव होते का?”

नाव विचारलं. हळूच सांगितलं त्यांनी, माझ्या कानात. गजूभाऊ आणि भावजी दोघंही एकदम तराजूकडं बघू लागले. मी चिठ्ठ्या चाळल्या. होत होतं! सासूबाईंच्या ओळीतून एक अक्षर, गावाच्या नावातून एक, ‘लग्नात’मधून एक. गादीच्या पांढऱ्या खोळीवर मी ती ओळीनं लावली. शिरोरेषेला शिरोरेषा भिडली आणि नाव उभं राहिलं. उभं कसलं, छान मागं रेलून बसलं.

आजींनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. पदर तोंडाशी नेला आणि हसल्या.

“बसली पाहाय कशी टेकून! जिंदगीत मी अशी टेकून नाई बसली.”

मला फोटो काढायचा होता. हात फोनकडं गेलासुद्धा. त्याआधी आजींनी तळवा फिरवला आणि सगळ्या चिठ्ठ्या विस्कटून टाकल्या.

“झालं. आता ने.”

आणि गजूभाऊंना म्हणाल्या, “कुकर दाखव. पाच लिटरचा. शिट्टी कशी वाजते ते वाजवून दाखव.”

परत

चिठ्ठ्यांचं पाकीट मी पर्समध्ये ठेवलं, रेल्वेत पर्स पोटाशी धरली. अक्कानं डब्यात संत्रा बर्फी दिली होती, ती समोरच्या बाकावरच्या कुटुंबानं अर्धी संपवली. त्यांनी विचारलं, पाकिटात काय आहे एवढं? मी म्हटलं, अक्षरं. त्यांनी बर्फी घेणं थांबवलं.

फॉन्ट आता पुरा होईल. गडव्यावरची, कोपरावरची आणि गुंडावरची अक्षरं मिळून डावऱ्याचा हात मला कळला आहे, आणि उरलेली अक्षरं मनानं काढली तरी आता ती बरोबर रेलतील. उद्या कुणी त्यात पत्रिका छापेल, कुणी औषधाच्या बाटलीवर ‘हलवून घ्या’ छापेल. तिथं सासूबाई नसतील.

पण माझं काय? मी ती ओळ वाचलेली आहे. ती मला पाठ आहे, आणि आजींचं नावही. दोन्ही त्या पाकिटात सुटी होऊन पडली होती, आणि खिडकीतून बघायला कापसाच्या शेतांखेरीज काही नव्हतं, आणि माझे हात मुळातच वाईट आहेत. एकदाच लावून बघावं. कुणाला कळणार होतं? चिठ्ठ्या काढल्या. ‘ळ’ घेतला. त्याच्याशेजारी कुठलं अक्षर येतं ते बोटांना माहीत होतं.

मी चिठ्ठ्या पिसल्या, पत्ते पिसतात तशा, पाकिटात कोंबल्या आणि वर्धा जाईपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले.